रोबोटपट पाहताना आपण नेमकं कोणासाठी रडतो?

घोडबंदरी (धागाकर्ता):

गेल्या शनिवारी आमच्या कोलशेतच्या सोसायटीत क्लबहाउसमध्ये पडदा लावून सिनेमा दाखवला. स्पीलबर्गचा २००१ सालचा 'ए.आय.'. आईवर माया करण्यासाठीच बनवलेला डेव्हिड नावाचा यंत्रमुलगा. घरातला खरा मुलगा आजारातून बरा होऊन परत येतो, मग हा नकोसा होतो, आणि आई त्याला रानात सोडून गाडी काढते. त्या प्रसंगाला खोलीत सगळीकडे नाकं ओढल्याचे आवाज येत होते. मीही रडलो.

रविवारी सकाळी त्याच खोलीत सर्वसाधारण सभा झाली. विषय चौथा: घरकामाला येणाऱ्या बायकांनी रहिवाशांच्या लिफ्टने जाऊ नये, मागची सामानाची लिफ्ट वापरावी. पंधरा मिनिटांत ठराव मंजूर. हात वर करणाऱ्यांत आदल्या रात्री डोळे पुसणारी माणसं होती. सामानाची ती लिफ्ट सारखी बंद पडते आणि इमारत बावीस मजल्यांची आहे. आमच्याकडे येणाऱ्या मावशी अठराव्या मजल्यापर्यंत दोनदा चालत आल्या आहेत.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. माझं म्हणणं असं की रोबोटपट हे पहिल्यापासून चाकराचे सिनेमे आहेत आणि आपण ते प्रेमाचे सिनेमे म्हणून बघतो. 'रोबोट' हा शब्दच घ्या. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिलं. शब्द सुचवला त्याच्या भावाने, जोसेफने. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर सक्तीने राबायचं ते काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: वेठ. आपण 'यंत्रमानव' म्हणालो, त्यात मानव आला आणि वेठ पुसली गेली. मला हे फार खटकतं. त्या नाटकात शेवटी रोबोट बंड करतात, माणसांना संपवतात आणि एकालाच जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्यासारखा स्वतःच्या हातांनी काम करत असतो.

१९८२ च्या 'ब्लेड रनर'मधले रेप्लिकंट, म्हणजे कृत्रिम माणसंही तसेच. परग्रहांवर राबायला बनवलेले, चार वर्षांचं आयुष्य, पृथ्वीवर पळून आले तर मारायचे. त्यांचा म्होरक्या पावसात मरतो तेव्हा आपल्याला गलबलून येतं.

पडद्यावरचा चाकर गावाला जायला रजा मागत नाही, पोराच्या फीसाठी उचल मागत नाही. त्याच्यावर माया करायला आपल्याला काहीच पडत नाही. म्हणून हे सिनेमे आपल्याला चुकीच्या जागी रडायला शिकवतात असं माझं मत झालं आहे. तुमचं वेगळं असेल तर मोकळेपणाने लिहा.

नेरुळकरीण:

पूर्ण असहमत, आणि जरा रागावूनच लिहिते आहे.

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. चार वर्षांपासून डिमेन्शिया. घरात मी आणि ते. दिवसा ब्युरोतून आलेल्या मावशी असतात, रात्री मी. संध्याकाळी सात ते नऊ ते एकच प्रश्न विचारतात, "आई कुठं गेली?" माझी आई सहा वर्षांपूर्वी गेली. पहिल्या दहा वेळा मी प्रेमाने उत्तर देते. तिसाव्या वेळेला माझा आवाज चढतो आणि ते लहान मुलासारखे भेदरतात. मग मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते.

१९९१ च्या 'टर्मिनेटर'च्या दुसऱ्या भागात सारा कॉनर आपल्या मुलाला, त्याच्या रक्षणासाठी आलेल्या यंत्रमानवाबरोबर खेळताना बघते. तिच्या मनात येतं की हे यंत्र त्याला कधी सोडून जाणार नाही, त्याच्यावर ओरडणार नाही, दारू पिऊन मारणार नाही, आज वेळ नाही म्हणणार नाही. आजवर बाप व्हायला आलेल्या पुरुषांत हे यंत्रच पुरं पडलं. कॉलेजात असताना हा प्रसंग मी नुसता ऐकून सोडला होता. आता तो मला पाठ आहे. तिथे मी यंत्रासाठी रडत नाही. माणसाची सहनशक्ती किती तोकडी आहे, ते तिथे कोणीतरी खरं बोलून दाखवतं.

मल्याळममध्ये २०१९ साली 'अँड्रॉइड कुंजप्पन' आला. पय्यनूरसारख्या गावातले हट्टी वडील, मुलगा नोकरीसाठी रशियात, आणि वडिलांना सांभाळायला तो एक रोबोट आणून ठेवतो. आधी तिटकारा, मग सवय, मग जीव जडतो. नेरुळ-सीवूड्सच्या संध्याकाळच्या बाकांवर जाऊन बसा. मुलं न्यू जर्सीला आणि आई-वडील सेक्टरच्या बागेत. त्यांना विचारा हा सिनेमा चुकीच्या जागी रडवतो का.

तुमच्या सभेतली माणसं दुटप्पी वागली, त्याचा दोष सिनेमाला का?

पारसिकपलीकडे:

दोघांशीही असहमत.

आधी एक दुरुस्ती. 'ए.आय.'मधली आई डेव्हिडला नकोसा झाला म्हणून नुसती टाकून देत नाही. त्याला कंपनीत परत नेलं तर तो नष्ट केला जाणार असतो. ते तिच्याने होत नाही, म्हणून ती त्याला रानात सोडते. हा फरक मोठा आहे. ती त्याच्या मायेला खरं मानते, आणि माझ्या मते तिथेच फसते.

नेरुळकरीण ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो, माझी आजी अशीच गेली. पण जिला तुम्ही यंत्राची सहनशक्ती म्हणता ती सहनशक्ती नाही. ज्याला त्रासच होत नाही त्याने सहन काय केलं? १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात वायझेनबाउम या संगणकतज्ज्ञांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला. समोरच्याचं वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, एवढंच त्याचं काम. त्यांच्या सेक्रेटरीने तो कसा चालतो हे महिनोन्‌महिने पाहिलं होतं. तरी दोन-चार वाक्यांनंतर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, कारण तिला त्या प्रोग्रॅमशी खासगी बोलायचं होतं. आपण इतके लवकर विरघळतो.

म्हणून मला भीती दाखवणारे सिनेमे जास्त प्रामाणिक वाटतात. 'एक्स माकिना'मध्ये एव्हा ही यंत्रस्त्री तिची परीक्षा घ्यायला आलेल्या तरुणाला आपल्या प्रेमात पाडते आणि काम झाल्यावर त्याला काचेमागे कोंडून निघून जाते. वळूनही बघत नाही. तिला बनवणाऱ्याने परीक्षाच ती ठेवलेली असते: सुटकेसाठी ती माणसाला वापरू शकते का. 'हर'मध्ये संगणकातल्या एका बोलक्या आवाजाच्या प्रेमात पडलेला थिओडोर शेवटी तिला विचारतो, तू आणखी कोणाशी बोलतेस? ८,३१६ जणांशी. आणि प्रेम? ६४१ जणांवर. त्या क्षणी तो मेट्रोच्या पायऱ्यांवर बसलेला असतो आणि आजूबाजूला प्रत्येक जण आपापल्या फोनशी बोलत चाललेला असतो. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या कुठल्याही गाडीत हे दृश्य आज दिसतं.

वर देऊन मग पळत सुटायची आपली जुनी खोड आहे. भस्मासुराच्या गोष्टीत निदान मोहिनी मदतीला येते.

रबाळे दुसरी पाळी:

मी रोज रोबोटबरोबर काम करतो. सिनेमातल्या नव्हे, खऱ्या. त्याला चेहरा नाही. जमिनीला बोल्टने आवळलेला सहा सांध्यांचा हात, भोवती जाळीचा पिंजरा. पिंजऱ्याचं दार उघडलं की हात जागच्या जागी थांबतो. असं का, तर १९७९ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या एका मोटार कारखान्यात रोबोटचा हात लागून कामगार गेला. त्या हातात राग नव्हता की बंड नव्हतं. मध्ये माणूस आहे हे त्याला कळलंच नाही. पारसिकपलीकडे, खरी भीती ही असते. त्यात कट नसतो.

मला सांगायचं आहे ते वेगळंच. आमच्या शॉपमध्ये वेल्डिंगला सहा जण होते. सगळ्यात जुना माणूस सत्तावीस वर्षांचा अनुभवी, त्याचा वेल्ड हात फिरवला तरी कळणार नाही असा साफ. रोबोट आला तेव्हा त्याला शिकवायला कोण? हाच. आम्ही पेंडंट, म्हणजे रोबोटला हालचाली शिकवायचा रिमोट, त्याच्या हातात दिलं. टॉर्च कुठल्या कोनात धरायचा, कोपऱ्यावर कुठे दम घ्यायचा, पत्रा पातळ असेल तर वेग किती वाढवायचा, सगळं त्याने एकेक बिंदू करून भरलं. तीन आठवडे लागले. हाताची सगळी विद्या त्या यंत्रात उतरवली आणि पुढच्या महिन्यात त्याला पॅकिंगला पाठवलं. उरलेल्या पाचांपैकी तिघे आता रिक्षा चालवतात.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. त्या वर्षी रोबोटला झेंडूचा हार घालायला मॅनेजरने त्यालाच पुढे बोलावलं. त्याने हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. मन लावून केला. मी शेजारी उभा होतो आणि मला कुठे बघावं ते कळेना.

या नात्यावर सिनेमा मी पाहिलेला नाही. त्यात कोणी वाईट नाही, कोणी कोणाच्या प्रेमात नाही. एकाची विद्या दुसऱ्यात गेली आणि पहिला बाहेर गेला. रोबोटला माणूस व्हायचं असतं, याच्या शंभर गोष्टी आहेत. माणसाचं काय झालं, याची एक तरी कोणी करावी.

घोडबंदरी:

रबाळे दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत. चापेकच्या नाटकातला तो वाचलेला माणूस मला आठवला. फक्त तुमच्याकडे हाताने काम करणाराच आधी बाहेर गेला.

पारसिकपलीकडे, 'ए.आय.'बद्दलची दुरुस्ती मान्य. नीट पाहायला हवं होतं.

नेरुळकरीण ताई, सिनेमावर दोष ढकलल्यासारखं वाटलं असेल तर ते माझ्या लिहिण्यात चुकलं. तरी एक विचारतो. दिवसा तुमच्याकडे असतात त्या मावशींना कोणी विचारलं आहे का, रोबोट आला तर त्यांना काय वाटेल? या सिनेमांत मालकाचं मन कळतं, यंत्राचं मन कळतं. आधी ते काम करणारी बाई कुठल्याच सिनेमात नसते.

कळवा लोकल:

एक मल्याळम सोडला तर सगळे इंग्रजी सिनेमेच धरून बसलात. २०१० चा शंकरचा 'एंदिरन' विसरलात का? आपण हिंदीत 'रोबोट' म्हणून पाहिला, मी तेव्हा सातवीत होतो. इमारतीला आग लागते, चिट्टी हा रोबोट एकेकाला बाहेर काढतो. एक मुलगी आंघोळ करत असते, तिला तो तशीच उचलून सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यांसमोर आणून ठेवतो. त्याच्या हिशोबात जीव वाचला, काम झालं. ती लाजेने पळत सुटते आणि ट्रकखाली जाते.

लोक म्हणतात चिट्टीला लाज कळली नाही. लहानपणी मलाही तसंच वाटलं. आता वाटतं, कॅमेरे तर माणसांच्या हातात होते. त्यांना लाज कळत होती ना? तरी कोणी कॅमेरा खाली केला नाही, अंगावर टाकायला चादर आणली नाही. मला तो प्रसंग यंत्राबद्दलचा वाटतच नाही. म्हणून धागाकर्त्यांशी अर्धा सहमत.

आळेकर ऐरोलीत:

माझं मूळ गाव जुन्नर तालुक्यातलं आळे. रेड्याची समाधी आहे ते. लहानपणापासून ऐकलेली कथा इथे सांगावीशी वाटते.

पैठणला ज्ञानेश्वरांची परीक्षा चालली होती. कोणीतरी समोरून जाणाऱ्या रेड्याकडे बोट दाखवून म्हणालं, त्याचंही नाव ज्ञाना, मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय? ज्ञानेश्वर म्हणाले, काही नाही. मग रेड्याला आसूड मारले आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले. त्यानंतर रेड्याने वेद म्हटले. आपण वेद म्हटल्याचा चमत्कार लक्षात ठेवतो, वळ विसरतो.

यंत्राने कविता म्हटली, यंत्र बुद्धिबळात जिंकलं, ही वेद म्हणण्याची बाजू. त्यावरून ते आपल्यातलं ठरत नाही. समोरच्याला लागलं की आपल्या पाठीवर वळ उठतो का, तेवढं बघायचं. नाव रेड्याचं असो की यंत्राचं. म्हणून मला 'ए.आय.'मध्ये रडणारी माणसं खोटी वाटत नाहीत. त्यांच्या पाठीवर तेवढ्यापुरता वळ उठला होता. दुसऱ्या दिवशी सभेत का उठला नाही, हे मात्र मलाही सांगता येत नाही.

पारसिकपलीकडे:

आळेकर, कथा सुंदर आहे, पण रेडा जिवंत होता. आसूड त्याला खरंच लागत होता. यंत्राला लागतच नसेल तर वळ कोणाच्या वेदनेचा? आपण स्वतःच्या कल्पनेवर रडतो आणि कंपनी त्या रडण्यावर महिन्याची वर्गणी लावते.

'रोबोट अँड फ्रँक'मध्ये हे फार प्रामाणिकपणे आलं आहे. म्हाताऱ्या फ्रँकची स्मृती जात चालली आहे, मुलगा सांभाळायला रोबोट आणतो. फ्रँक पथ्य पाळत नाही तेव्हा रोबोट सांगतो, तुम्ही ऐकलं नाहीत तर मला परत नेतील आणि माझी स्मृती पुसतील. फ्रँक विरघळतो, ऐकतो. पुढे रोबोटच कबूल करतो की तुम्ही ऐकावं म्हणून तसं म्हणालो, स्मृती पुसली तरी मला काही वाटत नाही. ताई, म्हाताऱ्या माणसाच्या दयेचा असा वापर तुम्हाला चालेल का?

खारीगाव:

मला या भावनांच्या चर्चेत एक साधी गोष्ट सुटलेली दिसते. काही कामं माणसाने करूच नयेत. मॅनहोलमध्ये उतरणं हे त्यातलं पहिलं. हाताने मैला साफ करायला माणूस लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, तरी आपल्या शहरांत वायूने गुदमरून माणसं मरतात. केरळमध्ये काही तरुण इंजिनिअरांनी बँडिकूट नावाचा रोबोट बनवला, २०१८ पासून तो तिथे गटारात उतरतो. तो कोळ्यासारखे पाय पसरतो आणि बादलीने गाळ उपसतो. त्याला चेहरा नाही, तो गाणं म्हणत नाही, त्याच्या प्रेमात कोणी पडणार नाही.

घोडबंदरी, तुम्ही 'वेठ' हा शब्द वाईट अर्थाने आणलात. मी म्हणतो वेठ असायचीच असेल तर ती निर्जीवाला लागू दे. तिथे चाकर-मालक नात्याबद्दल मला तिळभर अपराधी वाटत नाही. फक्त आधी खाली उतरणाऱ्या माणसाच्या हातात त्या यंत्राचं बटण द्या. रबाळ्याच्या वेल्डरसारखं त्याला पॅकिंगला पाठवू नका.

नेरुळकरीण:

पारसिकपलीकडे, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, चालेल. मी स्वतः रोज खोटं बोलते. आई भाजी आणायला गेली आहे, येईल. हे वाक्य मी आज संध्याकाळी किती वेळा म्हटलं याचा हिशोब नाही. खरं सांगितलं तर त्यांना ते प्रत्येक वेळी नव्याने कळतं आणि ते नव्याने रडतात. हे एकदा पाहिलं की खोट्याची भीती जाते. माझ्या खोट्यात आणि त्या रोबोटच्या खोट्यात फार अंतर आहे असं मला वाटत नाही.

घोडबंदरी, तुमचा प्रश्न लागला. मावशींना खरंच कधी विचारलं नव्हतं. काल दुपारी बाबा झोपल्यावर विचारलं. सिनेमाची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आणा की ताई. पण उचलायला आणा. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, माझी कंबर गेली. बोलायला कशाला पाहिजे, बोलते की मी." मग मला म्हणाल्या, ते तुमच्या आईबद्दल विचारतात ना, मी त्यांना उलट विचारते, कशा होत्या तुमच्या बाई? की ते बोलत बसतात. भांडुपच्या चाळीतलं, लग्नातलं, सगळं.

हे मला माहीत नव्हतं. चार वर्षं मी "भाजी आणायला गेली" म्हणते आहे.

माझं मत बदललेलं नाही, हे स्पष्ट लिहिते. मावशी सहाला जातात आणि रात्र मोठी असते. त्या रात्रीसाठी मला यंत्र हवं आहे, बोलणारं हवं आहे, खोटं बोललं तरी चालेल. पण उचलणारं यंत्र आधी यायला हवं हे आता पटतं, आणि सिनेमावाले बोलणारंच का दाखवतात हा प्रश्न मलाही पडला आहे.

तुमच्या लिफ्टचं पुढे काय झालं?

घोडबंदरी:

ठराव फेरविचाराला घ्यावा म्हणून अर्ज लिहिला आहे. परवापासून दारोदार फिरतो आहे, एकोणीस सह्या झाल्या. आमच्या मजल्यावरच्या आजोबांनी सही केली. ते त्या रात्री पहिल्या रांगेत होते. समोरच्या दोघांनी दार उघडून ऐकून घेतलं आणि बघू म्हणाले. मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, माझं नाव कुठे घालू नका दादा, काम जाईल. म्हणून अर्जात कोणाचंच नाव नाही. उद्या बी विंगला जायचं आहे.